तारीखवाल्या बाई

बाईंच्या पर्समध्ये दोन गोष्टी कायम असत. विद्यापीठाच्या उन्हाळी परीक्षेचं वेळापत्रक आणि पंचांग. वेळापत्रकाची घडी पंचांगातच घातलेली असे आणि दोन्हींवर निळ्या पेनाच्या खुणा असत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, बाई अर्थशास्त्र शिकवतात आणि कोणता पेपर कोणत्या नक्षत्रावर आला तेही बघतात. आठवड्याभरात हा समज गेला. स्टाफरूममध्ये त्या फोनवर बोलत होत्या, "गुरुजी, वैशाखातले मुहूर्त मला वाचून दाखवू नका, ते माझ्यासमोरच आहेत. ज्येष्ठातलं बोला. नाही हो, मुलगी माझी नाही. विद्यार्थिनी आहे. तिचा सोळाला पेपर आहे, तुम्ही पंधराला अक्षता टाकायला निघालात."

आमचं कॉलेज पूर्व नागपुरातलं. मी तिथं अकाउंट्स शिकवायला लागले ते तासिका तत्त्वावर, म्हणजे जितके तास तितका पगार. बाई तेव्हाच सीनिअर होत्या. उंच, हाडापेराने मजबूत, स्टार्च केलेली सुती साडी आणि पायात बाटलीच्या बुचासारख्या जाड तळाच्या चपला. त्यांचं नाव सगळ्यांना माहीत होतं, पण ते हजेरीपटापुरतं. मुली त्यांना तारीखवाल्या बाई म्हणायच्या. मुलींचे वडीलही म्हणायचे. एकदा गेटवर एक गृहस्थ मला विचारत आले, "ते तारीख बदलवतात त्या मॅडम कुठं भेटतील?" मी स्टाफरूमकडे बोट दाखवलं. वकीलबाई आहेत का असं मागे उभ्या असलेल्या दुसऱ्या पालकाने विचारलं, तेव्हा मात्र मला हसू आलं.

ज्यांनी आमच्या भागात मुली शिकवल्या आहेत त्यांना वेगळं सांगायला नको. आमच्याकडे पदवीची शेवटची परीक्षा आणि लग्नसराई एकाच उन्हाळ्यात येतात. पहिल्या वर्षाला वर्ग भरून असतो. तिसऱ्या वर्षी दिवाळीनंतर एकेक बाक रिकामा व्हायला लागतो. मुलगी भांडून जात नाही, रडूनही जात नाही. एक दिवस हातात नवी अंगठी घालून येते, मग आठवड्यातून दोनदा येते, मग तिची मैत्रीण सांगते की तिचं जुळलं. पेपरच्या दिवशी तिची जागा रिकामी. पुढं दोन-तीन वर्षांनी सीताबर्डीच्या बाजारात कडेवर पोर घेऊन भेटते आणि म्हणते, "एकच पेपर राहिला मॅडम." तो एक पेपर मग आयुष्यभर राहतो.

एकदा प्राचार्यांनी या विषयावर बैठक बोलावली. मुली तिसऱ्या वर्षी का गळतात, वेळेत पदवी का पूर्ण करत नाहीत, प्रत्येकाने कारण सांगायचं. इंग्रजीच्या सरांनी इंग्रजी सांगितलं. कोणी मोबाइल म्हणालं, कोणी घरचं वातावरण, कोणी वाचनाची सवय. मी हजेरी म्हणाले, कारण माझ्यासमोर हजेरीचे आकडे होते. बाईंची पाळी आली. त्या म्हणाल्या, "अक्षय्य तृतीया."

प्राचार्य म्हणाले, "जरा सविस्तर सांगा."

"सविस्तर तेच आहे सर. त्या दिवशी मुहूर्त काढावा लागत नाही, म्हणून सगळे त्याच दिवशी उरकतात. तो दिवस आपल्या परीक्षेत पडतो. तुम्ही जादा तास घ्या, मी नको म्हणत नाही. पण जादा तासाला मुलगी मांडवातून उठून येणार नाही."

बैठकीच्या इतिवृत्तात हे कारण कोणी लिहिलं नाही. बाईंना त्याचं काही वाटलं नाही. त्या संध्याकाळी त्यांनी मला विचारलं, "तुझी गाडी कुठं आहे?"

बाईंना गाडी चालवता येत नव्हती. माझी स्कूटर होती. इतक्या साध्या कारणाने मी त्यांच्या कामात ओढली गेले. मागे बसून त्या रस्ता सांगत. पूर्व नागपुरातल्या गल्ल्या त्यांना दुकानांवरून नाही, लग्नांवरून पाठ होत्या. "त्या लॉनपाशी डावीकडे घे, तिथं आपल्या रश्मीचं झालं. पेपर देऊन झालं." किंवा, "इथून सरळ. तिकडे नको जाऊ, तिथं मी हरले होते."

मुलीच्या घरी गेल्यावर बाई शिक्षणाबद्दल एक अक्षर बोलत नसत. मी सुरुवातीला बोलायचे. मुलीचं भविष्य, स्वतःच्या पायावर उभं राहणं, असं काहीतरी. बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, "हे सगळं त्यांना माहीत आहे. त्यासाठीच त्यांनी तिला अडीच वर्षं पाठवलं. तू त्यांना परत सांगितलंस की त्यांना वाटतं आपण काही पाप करतो आहोत. मग ते चिडतात. पापाचं बोलायचं नाही, तारखेचं बोलायचं." त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे. चहा झाल्यावर, कप खाली ठेवताना, सहज विचारल्यासारखं, "पत्रिका छापली का?" नसेल छापली तर त्या भिंतीला टेकून ऐसपैस बसत. छापली असेल तर पदर खोचून घेत.

दुसरं त्यांचं तत्त्व असं, की मुलीच्या बापाशी भांडण्यात अर्थ नसतो. तारीख मुलाकडचे ठरवतात. लकडगंजातल्या एका लाकडाच्या व्यापाऱ्याकडे आम्ही गेलो होतो, ते मुलाचे वडील. त्यांनी आम्हाला वखारीतच, सागाच्या ओंडक्यांवर बसवलं. बाईंनी विचारलं, "भाऊजी, त्या तारखेला बँड कोणाचा सांगितला?" त्यांनी नाव सांगितलं. बाई म्हणाल्या, "त्यांच्या त्या दिवशी चार वराती आहेत. तुमच्याकडं शेवटची टोळी येणार, त्यात ढोलवाला नवीन आहे." व्यापारी विचारात पडले. "आणि आचारी?" आचाऱ्याचंही तेच होतं. मग बाईंनी पंचांग काढलं आणि पेपर संपल्यानंतरचा एक मुहूर्त दाखवला, जेव्हा बँडही मोकळा होता आणि आचारीही. ही सगळी चौकशी त्यांनी आदल्या दिवशी करून ठेवली होती. व्यापाऱ्यांनी तारीख बदलली आणि आम्ही निघताना म्हणाले, "मॅडम, तुमी हे सोडून इव्हेंटचं काम काहून नाई करत? लई कमवसान." बाई म्हणाल्या, "निवृत्तीनंतर बघू."

मुलींशी मात्र बाई अजिबात गोड नव्हत्या. लग्न ठरलं म्हणून गृहपाठात सूट नाही, साखरपुडा म्हणून चाचणीला रजा नाही. "मेंदी काढायची तर आधी डाव्या हातावर काढ, उजवा पेपर संपल्यावर," असं त्या वर्गात सांगत, आणि मुली खरंच तसं करत. एका उन्हाळ्यात माझ्या हॉलमध्ये तीन मुली डावा हात कोपरापर्यंत रंगलेला आणि उजवा कोरा अशा पेपर लिहीत होत्या. बाहेरून आलेला निरीक्षक मला हळूच म्हणाला, "तुमच्याकडे ही काही प्रथा आहे का?" मी म्हटलं, "आहे. नवीन आहे."

लोकांना बाईंचं कोडं पडायचं. ही बाई दुसऱ्यांच्या लग्नांच्या मागे का लागते? काहींना वाटे, हिचं स्वतःचं शिक्षण लग्नामुळं अर्धवट राहिलं असणार. काहींना वाटे, हिचं लग्नच झालं नसणार. मलाही उत्सुकता होती. एकदा स्कूटर पंक्चर झाली, दुकानासमोर स्टुलावर बसलो होतो, तेव्हा मी विचारलं. बाई म्हणाल्या, "माझं सगळं वेळेवर झालं. बी.ए. वेळेवर, एम.ए. वेळेवर, नोकरी वेळेवर, लग्न वेळेवर, मुलगा वेळेवर. सगळं सुरळीत. वेळेवर झालं की माणूस किती निश्चिंत असतो ते मला माहीत आहे, म्हणून सांगते. प्रत्येक गोष्टीमागं दुःखच पाहिजे का गं?" पंक्चरवाल्याने मान हलवून होकार दिला. त्याला काय कळलं कोण जाणे.

त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी आमच्याकडे बी.कॉम.च्या सहाव्या सेमिस्टरला स्नेहल होती. वडील सुखदेवभाऊ कळमना मार्केट यार्डात मापारी, म्हणजे आलेल्या मालाचं वजन करणारे. घरात कॉलेजपर्यंत पोचलेली ही पहिलीच. मी तिला कॉस्ट अकाउंटिंग शिकवत होते आणि या विषयात इतकी चलाख मुलगी मी फार कमी पाहिली. गणित फळ्यावर लिहून होण्याआधी तिचा चेहरा सांगायचा की उत्तर आलंय. बाईंच्या वर्गात ती कमी पडायची, कारण अर्थशास्त्रात पानंच्या पानं लिहावी लागतात आणि स्नेहलला दोन ओळींत संपवायची सवय. बाई तिला सगळ्यांसमोर झापायच्या. "तू तार पाठवते आहेस का वं? उत्तर लिही." ती खाली मान घालून हसायची.

जानेवारीत तिचं जुळलं. मुलगा गोंदियाचा, भातगिरणीच्या ऑफिसात कामाला, स्वभावाने चांगला पण आईसमोर न बोलणारा. आई खमकी. बैठकीतच तिने सांगून टाकलं होतं, "लगन होयेपर्यंत शिकवा, आमी नाई नाई म्हणत. पण आमच्या घरी आल्यावर वह्या-पुस्तकं नाई. मोठ्या सुनेनं बी नाई केलं." म्हणजे हिशेब साधा होता. पेपर लग्नाआधी झाले तर स्नेहल पदवीधर, एक जरी राहिला तरी ती आमच्या त्या सीताबर्डीवरच्या मुलींपैकी एक.

आम्ही कळमन्याला गेलो. दोन खोल्यांचं स्वच्छ घर, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. स्नेहलच्या आईने चहा मांडला. चहा झाल्यावर बाईंनी सवयीने पंचांग काढलं, तसे सुखदेवभाऊ संकोचून म्हणाले, "ते राहू द्या मॅडम. आमच्यात मुहूर्त नाई पाहत. आमी हॉल पाहतो. हॉल भेटला का झालं."

बाईंनी पंचांग परत ठेवलं. "मग तर सोपं आहे भाऊ. आजवर मी भटजींशी भांडत आले, आता फक्त मॅनेजरशी बोलायचं."

अडचण अशी होती, की मुलाकडच्यांना रविवार हवा होता आणि पेपर संपल्यानंतरच्या दोन्ही रविवारी सगळीकडचे हॉल गेले होते. पेपरच्या आधीचा एक रविवार मोकळा होता. मुलाची आई त्याच रविवारवर बसली होती. बाईंनी ओळखीच्या मॅनेजरांना फोन लावले आणि शेवटी एक बुधवार मिळवला, शेवटच्या पेपरनंतर लगेचचा. दिवसभराचा नाही, फक्त दुपारपर्यंतचा, कारण संध्याकाळी दुसऱ्या कोणाचं रिसेप्शन होतं. सुखदेवभाऊंना बुधवार पटेना. मार्केटची माणसं रविवारीच मोकळी असतात, नातेवाइकांना रजा टाकाव्या लागतील. बाईंनी त्यांना पटवलं. गोंदियाला फोन करून मुलाच्या आईलाही पटवलं, अर्धा तास बोलून, गर्दी कमी, गाड्या रिकाम्या, जेवण गरम. मुलाची आई शेवटी म्हणाली, "घ्या बापा बुधवार. तुमी काई ऐकत नाई." पत्रिका छापल्या. त्या माऊलीने हौसेने स्नेहलच्या नावापुढे मोठ्या अक्षरांत 'बी.कॉम.' छापून घेतलं. मोठी सून दहावी होती, त्यामुळे ही पदवी तिला नातेवाइकांत दाखवायची होती. पेपर व्हायचे होते, पण पत्रिका थोडीच निकालाची वाट बघतात.

परीक्षा सुरू झाली. ऊन असं होतं की हॉलमधले पंखे गरम वारा खाली ढकलत होते. स्नेहलचे पेपर चांगले चालले होते. शेवटचा राहिला तो माझाच, कॉस्टचा. त्याच्या दोन दिवस आधी दुपारी ग्रुपवर सूचना आली. त्या दिवशी बऱ्याच केंद्रांच्या इमारती निवडणुकीच्या कामाला लागणार होत्या, म्हणून त्या दिवसाचे पेपर पुढे ढकलले होते. नवी तारीख त्या सूचनेत होती. बुधवार. सकाळी साडेनऊ ते साडेबारा.

मी ती सूचना बाईंना दाखवली. त्यांनी चष्मा लावून वाचली, काढून वाचली, मग मोबाइल माझ्या हातात परत दिला आणि म्हणाल्या, "गाडी काढ."

कळमन्याच्या घरात मांडवाचे बांबू आले होते. मुलाची आईही नेमकी त्या दिवशी खरेदीला नागपुरात आलेली, ती तिथंच होती. बाईंनी सरळ सांगितलं. साडेबाराला पेपर सुटतो, एक वाजता लग्न लावा, मुहूर्ताचा प्रश्न नाहीच. मुलाच्या आईने ऐकून घेतलं. "एक वाजता लगन, मंग जेवणं कवा? हॉल तं तीनले खाली करा लागते. गोंदियाची गाडी चारची. दीडशे पाहुणे उनात बसून राहतीन अन् नवरी पेपर लिहून राहीन? लोक काय म्हणतीन मले?"

बाई म्हणाल्या, "जेवणं आधी उरकू. नवरीशिवाय जेवतात लोक."

"तुमच्यात जेवत असतीन."

मग बाई सुखदेवभाऊंकडे वळल्या. ते बांबूला हात लावून उभे होते. मग अगदी हळू, राग नसलेल्या आवाजात म्हणाले, "मॅडम, मी तं रविवारच म्हणत होतो. बुधवार तुमीच देल्ला."

बँडवाल्यांची, आचाऱ्यांची, भटजींची, सासऱ्यांची सगळी उत्तरं बाईंकडे तयार असायची. स्नेहल आतून पाणी घेऊन आली. तिने सगळं ऐकलं होतं. बाईंनी पेला घेतला, प्यायल्या नाहीत, तसाच परत ट्रेमध्ये ठेवला. परतताना त्यांनी रस्ता सांगितला नाही. मला तो पाठ झाला होता.

बुधवारी मी परीक्षेच्या ड्युटीवर होते. स्नेहलचा नंबर खिडकीजवळच्या रांगेत होता. नियमाप्रमाणे अर्धा तास वाट पाहिली आणि तिच्या नंबरासमोर लाल शाईने गैरहजर लिहिलं. काम होतं, केलं. पेपर मात्र मी वाचला. तिला आवडली असती अशी दोन गणितं होती.

बाई लग्नाला गेल्या होत्या. मी पेपर गोळा करून पोचले तेव्हा शेवटच्या पंगती चालल्या होत्या आणि बाई हॉलच्या कोपऱ्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर एकट्या बसल्या होत्या. सकाळपासून तिथंच होत्या म्हणे. निघताना त्या स्नेहलपाशी गेल्या, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "सुखी राहा बाळ." स्नेहलने चमकून माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत बाईंनी कोणत्याही मुलीला बाळ म्हटल्याचं मी ऐकलं नव्हतं.

त्याच जूनमध्ये बाई निवृत्त झाल्या. शाल, श्रीफळ, भाषणं. प्राचार्य म्हणाले की बाईंनी कितीतरी मुलींची पदवी वेळेत पूर्ण करवली. बाई उत्तराला उठल्या, सगळ्यांचे आभार मानले आणि बसल्या. स्नेहलला त्या अधूनमधून फोन करत, मला ते तिच्याकडूनच कळे. "बाई लई गोड बोलतात मॅडम," ती म्हणायची. "जेवली का, तब्येत कशी आहे, सगळे नीट वागतात ना. मी आजारी असल्यासारखं. मले भीती वाटते त्यांची. वर्गात रागवायच्या तेव्हा नव्हती वाटत." पेपरचा विषय बाई काढत नव्हत्या. मी काढला तर म्हणायच्या, "आता तिच्या घरात मी अजून एक तारीख घेऊन जाऊ? एक दिली तेवढी पुरे."

ऑगस्टमध्ये मला स्नेहलचा फोन आला. हिवाळी परीक्षेचा फॉर्म कधी निघतो, असं विचारत होती. मी म्हटलं, सासूबाई? ती म्हणाली, "मीच बोलली त्यांच्याशी."

"काय बोललीस?"

"शिक्षणाचं काही नाही बोलली. चहा दिला, मग म्हटलं, आई, पत्रिकेत तुम्ही बी.कॉम. छापलं. दीडशे घरी गेली ती पत्रिका. माझं तर झालंच नाही. कोणी विचारलं तर तुम्ही खोट्या पडाल. एकच पेपर आहे, देऊन टाकते, म्हणजे पत्रिका खरी होईल." मग ती हसली. "त्यांनी अख्खा दिवस विचार केला मॅडम. रात्री जेवताना म्हणाल्या, कवा आहे तो पेपर?"

तारखेचंही तिनेच जुळवलं होतं. दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला सासरचे सगळे दीक्षाभूमीला येतात आणि या वर्षी कळमन्याच्या घरीच उतरणार होते. त्यांच्यासोबत यायचं आणि माहेरी राहून अभ्यास करायचा, पेपर देऊनच परतायचं. मी फॉर्म भरला. बाईंना कळवलं, तेव्हा त्या फक्त म्हणाल्या, "तिनं जुळवलं? मग होईल."

पेपरच्या दिवशी नवऱ्याला रजा नव्हती आणि वडिलांना मार्केट, त्यामुळे स्नेहलला सोडायला सासू आली. सायकल स्टँडजवळ कडुनिंबाखाली सिमेंटचा बाक आहे, तिथं ती बसली. थोड्या वेळाने रिक्षातून बाई उतरल्या. निवृत्त माणसाला परीक्षेच्या वेळी आत सोडत नाहीत, म्हणून त्याही त्याच बाकावर बसल्या. दोघींत एक माणूस मावेल इतकी जागा सोडून. मी वरच्या खिडकीतून पाहत होते. तासाभराने ड्युटी बदलली तेव्हा मी चहा घेऊन खाली गेले.

सासू म्हणत होती, "तुमच्या त्या बुधवारनं लई तरास देल्ला मॅडम."

"मलाही दिला."

"आता माही लहान पोरगी आहे. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाले. स्थळं येऊन राहिले." तिने चहाचा घोट घेतला. "कवाची तारीख धरू?"

बाई म्हणाल्या, "मी आता तारखा देत नाही. निकाल लागू द्या, मग धरा."

"निकाल कवा लागते ते कोणी सांगू शकते का? तवरिक पोट्टी म्हातारी होईन."

बाई हसल्या. कित्येक महिन्यांनी मी त्यांना हसताना पाहिलं. पेपर सुटल्यावर स्नेहल बाहेर आली, दोघींना एका बाकावर पाहून जिन्यातच थांबली, मग खाली आली आणि सासूच्या हातातली पिशवी घेतली. बाईंनी पेपर कसा गेला ते विचारलं नाही. "दमली असशील, पाणी पी," म्हणाल्या.

डिसेंबरात बाई पुण्याला मुलाकडे राहायला गेल्या. इथलं घर भाड्याने दिलं. स्टेशनवर सोडायला मी गेले होते. बाईंचं सामान थोडं होतं, बोलणंही थोडं. गाडी हलली तेव्हा त्यांनी खिडकीतून एवढंच सांगितलं, की स्नेहलचा निकाल लागला की आधी मला कळव, रात्र असली तरी.

निकाल लागायला फेब्रुवारी उजाडला. स्नेहल पास झाली. मी लगेच पुण्याला फोन लावला. पास झाली म्हणून सांगितलं. मग बाईंनी विचारलं, "मार्क?"

"ऐंशीपैकी बेचाळीस."

"कॉस्टमध्ये? बेचाळीस?"

"बाई, ती सहा महिने सासरी होती. पास झाली. पदवी मिळाली तिला."

"ते ऐकलं मी. ती साठच्या खाली कधी गेलेली नाही." आवाज चढत होता. "फोन ठेव. मला तिच्याशी बोलायचंय."

अर्ध्या तासाने स्नेहलचा फोन आला. ती धापा टाकत बोलत होती, रडत होती की हसत होती ते कळेना. "मॅडम, बाईंनी मले असं झापलं, असं झापलं. म्हणे बेचाळीस मार्क घेऊन तोंड कसं दाखवतेस, तार पाठवून आलीस का पेपरात. म्हणे एम.कॉम.चा फॉर्म भर, बाहेरून बस, नाही भरलास तर गोंदियाला येईन. एक शब्द बोलू दिला नाही मले."

"मग तू काय म्हणालीस?"

"काही नाही. ऐकत होती." तिने नाक ओढलं. "इतकं बरं वाटलं मॅडम."

तिच्या मागून सासूचा आवाज आला, "कोण रागावून राहिलं वं तुले एवढं?"

फोन बाजूला धरून स्नेहलने दिलेलं उत्तर मला स्पष्ट ऐकू आलं. "कोणी नाही आई. माझ्या बाई."